‘बंद ट्रॅकवर’ म्हणजे नेमकं कुठे?

मोटारसायकलच्या जाहिरातीत शेवटी शेवटी एक बारीक ओळ येते. गुडघा टेकेल इतकी गाडी तिरकी झालेली असते, चालक टाकीवर झोपलेला असतो आणि पडद्याच्या तळाशी अक्षरं येऊन जातात: ही दृश्यं बंद ट्रॅकवर प्रशिक्षित चालकाने केलेली आहेत, अनुकरण करू नये. वाचून होईपर्यंत ओळ गेलेली असते. मी चाकण भागात एका वाहन कंपनीच्या चाचणी विभागात बरीच वर्षं काढली, त्यामुळे ही ओळ खोटी नसते हे मला माहीत आहे. ट्रॅक खरोखर बंद असतो. कुंपण असतं, गेटवर रजिस्टर असतं, रुग्णवाहिका दार उघडं ठेवून उभी असते. मला काळजी आहे ती गाडी विकत घेणाऱ्याची. त्याला हा बंद ट्रॅक कुठे मिळणार?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या मुलाने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. डिप्लोमा झालेला, भोसरीत कामाला लागलेला, चारशे सीसीच्या आतली स्पोर्ट बाईक हप्त्यावर घेतलेला मुलगा. ‘‘काका, बघा. १७४.’’ मोबाईल टाकीवर लावलेला, समोर काट्याचे आकडे चढताहेत, वाऱ्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. पहाटेचा बायपास. आकडा १७० च्या वर गेला त्याच क्षणी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं येऊन गेलं. मी व्हिडिओ मागे घेऊन थांबवला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेली एक मोपेड होती, आणि तिच्यावर टोपी घातलेला एक माणूस.

‘‘हा दूधवाला दिसला होता का तुला?’’

‘‘कुठला दूधवाला?’’

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसला नव्हता.

त्या दिवसापासून माझं म्हणणं पक्कं झालं, आणि ते मी इथे सरळ मांडतो. गाडीचा टॉप, म्हणजे तिचा जास्तीत जास्त वेग, बघायचा असेल तर तो बंद ट्रॅकवरच बघितला पाहिजे. आणि तसा ट्रॅक सामान्य चालकाला परवडेल अशा दरात, वर्षातून ठरावीक दिवशी मिळवून देणं हे सरकारचं आणि वेग विकणाऱ्या कंपन्यांचं काम आहे. ही हौशी लोकांची चैन आहे असं समजून आपण हा विषय बाजूला टाकतो, आणि त्याची किंमत त्या मोपेडवाल्यासारखी माणसं मोजतात.

आकडे बघा. ताशी १६० म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. समोर काही आडवं आलं, डोळ्यांनी पाहिलं, मेंदूला कळलं आणि बोटं ब्रेकवर गेली, याला एक सेकंद धरला तर ब्रेक लागायच्या आधीच ४४ मीटर गेले. पुढे कोरड्या, चांगल्या डांबरावर, चांगल्या टायरवर, सरावलेल्या हाताने ब्रेक मारला तरी गाडी थांबायला आणखी सव्वाशे मीटर लागतात. तीच गाडी ८० वर असती तर थांबायला तिशीच्या आसपास मीटर पुरले असते. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, आणि ३०० वर तर नुसत्या ब्रेकला चारशे मीटर जातात. बायपासवर चारशे मीटर म्हणजे मधे दोन कट, एक ढाबा, एक उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर आणि रस्ता ओलांडणारी कॉलेजची मुलं.

मे २०२३ मध्ये डेहराडूनचा एक तरुण यूट्यूबर यमुना एक्सप्रेसवेवर लिटर क्लासची, म्हणजे हजार सीसीची, गाडी ताशी ३०० च्या दिशेने नेताना डिव्हायडरला धडकून गेला. त्याच्या डोक्याला हेल्मेट होतं. रस्ता सरळ आणि रुंद होता. त्याचे लाखो चाहते होते आणि त्यातली बहुतेक मुलं आमच्या शेजारच्या मुलाच्या वयाची. अपघातानंतर चार दिवस ‘आजची पिढी’ या विषयावर बोलणं झालं. हा आकडा बघायची इच्छा असलेल्या मुलाने मग जायचं कुठे, हे त्या चार दिवसांत कोणी विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर आपल्याकडे या इच्छेला जागाच नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलला चौपदरी विभाजित रस्त्यावर ताशी ८० ची मर्यादा आहे, शहरात ६०. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, समृद्धीवर नाही, अटल सेतूवरही नाही. म्हणजे महाराष्ट्रात दुचाकीने ८० च्या पुढे कायदेशीरपणे जाता येईल असा एकही सार्वजनिक रस्ता नाही. ही मर्यादा मला मान्य आहे. आपल्या रस्त्यांवर जे आणि जसं चालतं ते बघता ८० सुद्धा पुष्कळ आहे. पण याच राज्यात चाकणला केटीएमची आरसी ३९० बनते, कावासाकीची निन्जा ३०० बनते, बारामतीला अप्रिलियाची आरएस ४५७ बनते. या गाड्यांच्या माहितीपत्रकात ताकद छापलेली असते, पुढे झुकून बसायची बैठक त्यांच्या रूपातच असते आणि त्यांची सगळी घडण ८० च्या पुढच्या वेगासाठी केलेली असते. गाडी घेणाऱ्याला आपण सांगतो की ही वस्तू कायदेशीर आहे, हिचा हप्ता कायदेशीर आहे, हिच्यावरचा जीएसटी तर घेतलेलाच आहे, फक्त ती ज्यासाठी बनवली ते करायची जागा आमच्याकडे नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं १८९ वं कलम नीट वाचण्यासारखं आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी मोटार वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. वांद्रे रेक्लमेशन असो, नवी मुंबईचा पाम बीच रस्ता असो, पोलीस रात्री नाकाबंदी लावतात आणि गाड्या उचलतात, ते बरोबरच करतात. पण कलमात ‘लेखी संमतीवाचून’ हा शब्द आहे. कायदा करणाऱ्यांनी राज्य सरकारच्या हातात एक किल्ली दिलेली आहे. वेगाची चाचणी होऊ शकते, सरकारने पाहून, अटी घालून, सही केली तर. कुलूप आपण रोज तपासतो आणि किल्ली मात्र सामान्य चालकासाठी वापरलेली माझ्या ऐकिवात नाही.

ती वापरता येते हे महाराष्ट्राने स्वतःच दाखवलं आहे. बैलगाडा शर्यतीचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, त्याखाली नियम केले, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. आता शर्यतीचा घाट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, डॉक्टर लागतात, रुग्णवाहिका लागते. प्राण्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे आक्षेप माझ्या मते अजून संपलेले नाहीत आणि संपूही नयेत. पण मला इथे एवढंच दाखवायचं आहे की गावोगावच्या एका वेगाच्या ओढीला या राज्याने कायद्याचा आकार दिला. त्यासाठी मंत्री दिल्लीला गेले, वकील उभे केले, नियमांचे मसुदे झाले. जुन्नर, खेड, शिरूरच्या घाटात आरोळ्या देणाऱ्या त्याच घरांतली मुलं आज मोटारसायकलवर आहेत. त्यांच्यासाठी अर्ज कुठे करायचा, हेसुद्धा कोणी ठरवलेलं नाही.

देशात चांगले ट्रॅक नाहीत असं नाही. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. तिथला हायस्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटर लांब आणि १६ मीटर रुंद, लंबगोल आकाराचा. जून २०२१ मध्ये तत्कालीन अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याचं उद्‌घाटन केलं, म्हणजे आपल्या पुण्याच्याच माणसाच्या हातून झालं. वळणांना असा उतार दिलेला आहे की ताशी २५० ला गाडी आपोआप वळणात बसते, चालकाला बाजूला ओढावी लागत नाही. जास्तीत जास्त ३७५ पर्यंतचा वेग धरून ती वळणं बांधली आहेत. टॉप बघायला याहून चांगली जागा भारतात नाही, कारण गाडीला ताशी वेगाचे शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर चढायला फार लांब अंतर लागतं आणि सरळ रस्ता संपला की ते राहून जातं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५ किलोमीटरचं आहे, मोटोजीपी ही मोटारसायकलची जागतिक शर्यत २०२३ मध्ये तिथे झाली, पण त्याची सर्वांत लांब सरळ पट्टी किलोमीटरभरच आहे. चेन्नईजवळचा मद्रासचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा कारी त्याहून लहान. अहिल्यानगरला डीआरडीओच्या व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेचे ट्रॅक आहेत, पण ती संरक्षण खात्याची जागा आहे आणि तिथे हौशी चालकांना सोडा असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनचाचणी संस्था आहे, तिथे देशभरच्या गाड्या प्रमाणपत्रासाठी येतात. कंपन्यांचे स्वतःचे ट्रॅक आहेतच. एवढं सगळं आपल्या अवतीभवती असून भोसरीतल्या मुलाला पहाटे बायपासच सापडतो, कारण बाकी सगळ्या गेटांवर त्याचं नाव रजिस्टरमध्ये नाही.

आता लोक मला विचारतात की टॉप बघायचाच कशाला? मर्यादा ८० आहे, १६० चा आकडा हवाय कोणाला? हा प्रश्न मी गंभीरपणे घेतो, कारण माझ्या बायकोनेही तोच विचारला.

पहिलं उत्तर तांत्रिक आहे. गाडी टॉपला पोचते म्हणजे इंजिनची ताकद आणि वाऱ्याचा रेटा बरोबरीला येतो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने, म्हणजे ८० चे १६० करायला वाऱ्यासाठीच आठपट ताकद लागते. त्या टोकाला गाडीचं सगळं खरं-खोटं बाहेर येतं. हँडल हलायला लागतं का, चेन ओढली जाते का, तापमान कुठे जातं, ब्रेक दुसऱ्या खेपेला तसाच चावतो का. हे शोरूमच्या चकरेत कळत नाही. आणि काट्यावरचा आकडा तर खराच नसतो. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यामुळे सगळ्या कंपन्या सांभाळून थोडा जास्तच दाखवतात. खरा वेग मोजायचा तर उपग्रहावर चालणारं मोजणीयंत्र लागतं आणि गाडी एकाच मार्गावर दोन्ही दिशांना पळवून सरासरी काढावी लागते, म्हणजे पाठीचा वारा आणि रस्त्याचा उतार दोन्ही कटतात. जागतिक विक्रमांनाही हाच नियम आहे. २०१० मध्ये अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉकी रॉबिन्सनने ताशी ६०५ किलोमीटरचा विक्रम केला, तोही दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी काढूनच मान्य झाला.

दुसरं उत्तर माणसाचं आहे. आपल्या हातातल्या वस्तूचं टोक कुठे आहे हे बघावंसं वाटणं ही विकृती नाही. पोहणारा तळ शोधतो, गाणारा वरचा सूर लावून बघतो. ही ओढ उपदेशाने जात नाही. निदान माझ्या विशीत माझी गेली नव्हती. पुणे-नाशिक रस्त्यावर दोन स्ट्रोकच्या गाडीवर मी जे केलं ते आज आठवलं की हात गार पडतात. मी वाचलो याला माझी हुशारी कारणीभूत नव्हती. त्या दिवशी रस्त्यात कोणी आलं नाही, इतकंच.

मागच्या नोव्हेंबरात मी त्या शेजारच्या मुलाला एका खासगी धावपट्टीवर घेऊन गेलो. तिथे एक दिवस वेगाच्या धावा होत्या आणि गाड्या तपासायला मी हात लावणार होतो. प्रवेशाची रक्कम त्याच्या महिन्याच्या हप्त्याहून जास्त होती, ती आम्ही अर्धी-अर्धी भरली. सकाळी सहाला रांग लागली. तपासणीच्या टेबलावर काय होतं ते सांगतो, कारण मला हा सगळा वाद तिथेच सुटताना दिसतो. हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली दोन बोटांपेक्षा जास्त ढिली असली तर परत. चेनला हाताने वर-खाली हलवून ताण बघायचा. ब्रेकच्या लिव्हरच्या टोकाचा गोळा तुटलेला असला तर परत, कारण पडल्यावर लिव्हरचं उघडं टोक पोटात घुसतं. आरशांवर, दिव्यांवर चिकटपट्टी, म्हणजे फुटले तर काचा धावपट्टीवर पसरू नयेत. थंड टायरची हवा मोजून वहीत लिहायची. आणि टायरच्या कडेवरचं एक अक्षर वाचायचं. आकड्यांच्या ओळीच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं, ते त्या टायरची वेगाची मर्यादा सांगतं: ‘एस’ असेल तर १८०, ‘एच’ असेल तर २१०, ‘व्ही’ असेल तर २४०. एका साडेसहाशे सीसीच्या गाडीला मागे ‘एस’चा टायर होता. मालकाने मूळचा झिजल्यावर स्वस्तातला बसवला होता आणि त्याच टायरवर तो कोल्हापूर रस्त्याला दोनशे गेला होता असं त्याने अभिमानाने सांगितलं. त्याला ते अक्षर बोटाने दाखवलं. तो खाली वाकला, वाचलं, पुन्हा वाचलं आणि काही न बोलता गाडी बाजूला घेऊन बसला. त्या दिवशी त्याची एकही धाव झाली नाही. हे अक्षर त्याला दोन वर्षांत ना मेकॅनिकने दाखवलं, ना टायरवाल्याने, ना लायसन्सच्या परीक्षेत कोणी विचारलं.

आमच्या मुलाच्या दोन धावा झाल्या. एका वेळी एकच गाडी पट्टीवर, पुढची हिरवा झेंडा मिळेपर्यंत थांबलेली. ब्रेक कुठे मारायचा तिथे केशरी शंकू, त्यानंतर पाचशे मीटर मोकळी पट्टी. जाताना १६४, येताना १५७. सरासरी १६०.५. बायपासवर काट्याने दाखवलेले १७४ त्याच्या डोक्यात होते. चिठ्ठी हातात घेऊन तो बराच वेळ वाऱ्याच्या पिशवीकडे बघत उभा होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे त्या दिवशीही मी एवढाच होतो.’’

ट्रॅकवर माणसं मरत नाहीत असं मी मुळीच म्हणत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मद्रासच्या ट्रॅकवर शर्यतीत पडून १३ वर्षांचा एक मुलगा गेला. इतक्या लहान वयात मुलांना कोणत्या गाडीवर, कोणाबरोबर उतरवायचं यावर तेव्हापासून जे बोललं जातंय ते आणखी कडकपणे बोललं पाहिजे. पण शर्यत आणि वेगाची चाचणी यांत फरक आहे. शर्यतीत पडलेल्याच्या मागून दहा गाड्या येत असतात. चाचणीत पट्टीवर तो एकटा असतो. आणि सर्वांत मोठा फरक असा की तिथे असलेला प्रत्येक माणूस आपण कुठे आलो आहोत हे समजून, सही करून आलेला असतो. दूधवाल्याने कुठे सही केली होती?

२०२२ सालच्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात देशभरातले १,६८,४९१ रस्ताबळी नोंदले आहेत. त्यांतले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे, आणि एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्के ‘अतिवेग’ या रकान्यात. हा रकाना पंचनाम्यातून भरला जातो आणि त्यात शंभर सीसीच्या गाडीवरून घाईने कामाला निघालेला माणूसही येतो, हे मान्य केलं पाहिजे. स्पोर्ट बाईकचा टॉप काढताना मेलेले त्यातले थोडेच असतील. तेव्हा ट्रॅक दिला की बळी निम्मे होतील असा दावा मी करणार नाही. ट्रॅक दिल्याने मुलांना वेगाची आणखी चटक लागेल, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. चटक आधीच लागलेली आहे, गाडी आधीच विकली गेली आहे. तिला पाहणारं, तपासणारं, ‘या टायरवर नाही’ असं सांगणारं माणूस तेवढं अजून भेटलेलं नाही.

काही जाणते लोक म्हणतात, मुळात गाड्यांचा वेगच बांधून टाका. हे जगात झालेलं आहे. १९९९ मध्ये सुझुकीची हायाबुसा आली. जपानीत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. ती ३०० च्या पार गेली, पहिल्या गाड्यांचा काटा तर ३५० पर्यंत छापलेला होता. युरोपात बंदीची भाषा निघाली तेव्हा जपानी कंपन्यांनी आपसांत तोंडी ठरवून २९९ वर लगाम घातला. फ्रान्सने मोटारसायकलला १०० अश्वशक्तीची मर्यादा तीसेक वर्षं ठेवली आणि २०१६ मध्ये काढली. २९९ चा लगाम आपल्या बायपासवर १६० ने जाणाऱ्याला काय वाचवणार? आणि ८० वर लगाम घालायचा तर गल्लीतली शंभर सीसीची गाडीसुद्धा बांधावी लागेल. ते करायची कोणाची तयारी असेल तर त्यांनी तसं स्पष्ट सांगावं, मी ऐकून घेईन.

युरोपकडून घ्यायचं तर परवान्याची पायरी घ्यावी. तिथे अठराव्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते, पुढची पायरी अनुभव किंवा वय झाल्यावर. आपल्याकडे अठरा पूर्ण झालेला मुलगा आरटीओच्या आवारात मामाच्या शंभर सीसीवर इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवतो, परवाना घेतो आणि त्याच परवान्यावर दुसऱ्या दिवशी दोनशे अश्वशक्तीची गाडी रस्त्यावर आणू शकतो. या दोन गोष्टी मला एकत्रच हव्या आहेत: मोठ्या गाडीचा वेगळा परवाना, आणि त्या परवान्याचा एक भाग म्हणून बंद ट्रॅकवरचा एक दिवस, ब्रेकचा आणि वेगाचा. तो दिवस झाल्याशिवाय गाडीची चावी नाही.

जागा कुठून आणायची? ताशी तीनशेने पळणाऱ्या गाड्यांना नॅट्रॅक्सशिवाय पर्याय नाही, तिथे महिन्यातून एक दिवस खासगी चालकांसाठी ठेवावा. पण रस्त्यावरच्या बहुसंख्य स्पोर्ट बाईक चारशे सीसीच्या आतल्या, ताशी १५० ते १७० ला संपणाऱ्या आहेत. त्यांना दोन किलोमीटरची स्वच्छ धावपट्टी पुरते. आपल्याकडची मोटार शर्यतच मुळी धावपट्टीवर वाढली: चेन्नईजवळचं शोलावरम ही दुसऱ्या महायुद्धातली हवाईपट्टी होती. इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ एल्व्हिंग्टनच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर वर्षानुवर्षं वेगाच्या धावा झाल्या. लोणावळ्याच्या पलीकडे आंबी व्हॅलीच्या पट्टीवर ड्रॅग रेस झालेल्या आहेत. लातूर, धाराशिव, यवतमाळच्या धावपट्ट्यांवर विमानांची गर्दी नाही. विमानवाल्यांना आधी सूचना देऊन, शेवटी पट्टी झाडून-धुऊन परत करायची या अटीवर, वर्षातले सहा रविवार मागणं काही अवाजवी नाही. परिवहन आयुक्त, क्रीडा खातं आणि त्या त्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी एका टेबलावर बसले तर घाटाच्या शर्यतीसारखाच हाही एक अर्ज होईल.

आणि पैसा? सरकारी तिजोरीतून श्रीमंतांच्या हौसेला पैसा नको, हे बरोबर आहे. तो कंपन्यांनी द्यावा. ज्या गाडीच्या जाहिरातीत बंद ट्रॅकची ती बारीक ओळ टाकावी लागते, तिच्या प्रत्येक विक्रीबरोबर एक दिवसाचं ट्रॅकचं कूपन दिलं पाहिजे. आज हेल्मेटं देतात, टीशर्ट देतात, पहिल्या तीन सर्व्हिसिंग फुकट देतात. ज्या अर्थी ‘बंद ट्रॅकवर’ असं लिहायला त्या बांधील आहेत, त्या अर्थी तो ट्रॅक गिऱ्हाईकाला दाखवायलाही बांधील असाव्यात. २०१६ मध्ये तुर्कस्तानात केनान सोफुओग्लूने कावासाकीच्या एच२आरवर ४०० चा आकडा गाठला तो पुलावर, पण ओसमान गाझी पूल तेव्हा वाहतुकीला खुला व्हायचा होता. त्याच्यासाठी अख्खा पूल रिकामा ठेवला गेला, टायर, इंधन, सगळं तयारीने आणलं गेलं. जगज्जेत्या चालकालाही एवढी काळजी लागते. आमच्या मुलाला निदान एक मोकळी पट्टी आणि टायरवरचं अक्षर वाचून दाखवणारं माणूस तरी मिळावं.

त्या नोव्हेंबरच्या चिठ्ठीचा फोटो त्याने मित्रांच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी तिघं जण गाड्यांचे स्टँड लावून उभे होते, त्यातल्या एकाची गाडी चार दिवसांची, नंबरप्लेटवर हार तसाच. मी फिरायला निघालो होतो. मला बघून त्यांनी हेल्मेटं काढली.

‘‘काका, ते धावपट्टीवरचं पुढचं कधी आहे? आम्हालाही यायचंय.’’

मी खिशातला फोन काढला, पुन्हा आत ठेवला. सांगायला माझ्याकडे तारीख नव्हती.